दोन्हींत अंतर तेवढंच

३ फेब्रुवारी
बाईसाहेबांनी आज दोन इवल्या बाटल्या माझ्या टेबलावर आदळल्या. घरी बायको, इथे कॉलेजात रसायनशास्त्राची प्राध्यापक — आणि मी तळमजल्यावरचा क्ष-किरण यंत्रवाला, स्फटिकांतल्या अणूंमधली अंतरं मोजणारा! दोन्ही बाटल्यांत एकच संयुग, सोनं आणि गंधक असलेलं; फक्त स्फटिकांची मांडणी वेगळी. अतिनील दिव्याखाली एक हिरवं चमकतं, दुसरं ढिम्म.
"अहो, चमकतं त्यात सोन्याचे अणू जवळजवळ असणार. मोजून द्या."
वीस वर्षं ती हेच शिकवतेय. मोजायचं कसलं, नुसती सही करायची असा सूर!

६ फेब्रुवारी
मोजलं. दोन्हींत अंतर तेवढंच! पुन्हा मोजलं. तेवढंच. सांगायला जिना चढलो, निम्म्यातून परतलो.

७ फेब्रुवारी
सांगितलं.
"तुमचं यंत्र बिघडलंय."
यंत्र ठणठणीत आहे. बाकी सगळं बिघडलं.

९ फेब्रुवारी
अबोला. मुलगी फोनवर म्हणते, "बाबा, तुझं बरोबर असेल तर चहा तूच कर." केला. बाईसाहेबांनी प्यायला — न बोलता, दोन कप!

१३ फेब्रुवारी
रचना पुन्हा पाहिली. चमकणाऱ्यात गंधकाला लटकलेल्या कार्बनच्या साखळ्या एकमेकींत घट्ट अडकल्यात, हलायला जागा नाही. ढिम्मोबात त्या मोकळ्या. मिळालेली ऊर्जा हलण्यातच जिरत असेल, मग उजेड कुठला! चिठ्ठी लिहून तिच्या डब्यात ठेवली: 'ढिम्मोबाला गोठवून बघ.'

१६ फेब्रुवारी
वरून बोलावणं. तिनं खोलीतले दिवे मालवले, अतिनील दिवा लावला, ढिम्मोबाची नळी कडाक्याच्या थंड द्रव नायट्रोजनमध्ये बुडवली — ढिम्मोबा हिरवागार! बाहेर काढली, ऊब लागली तसा विझला. पुन्हा बुडवली. सहा वेळा!
"यंत्र बरं झालं का गं?" मी म्हटलं.
हसली नाही. चष्मा पुसत राहिली. "इतक्या मुलांना चुकीचं शिकवलं मी."
घरी येताना तिची पिशवी मी घेतली.

२० फेब्रुवारी
आपल्या जुन्या शोधनिबंधात चूक आहे, असं पत्र तिनं स्वतःच नियतकालिकाला लिहिलं. मला तपासायला दिलं. एक स्वल्पविराम सापडला — दिवसभर मिरवला!

२२ फेब्रुवारी
तिच्या जुन्या प्रयोगवह्या कपाटात लावत होतो. एक उघडली. दोन वर्षांपूर्वीची तारीख, तिचं अक्षर: 'अंतराचं कारण बहुधा खोटं. दुसऱ्या कुणाला मोजायला दिलं तर माझ्या तोंडाकडे बघून मला हवं तेच मोजतील. ह्यांनाच द्यायला हवं. धीर होत नाही.'