तिसरं पाणी

३ फेब्रु., मंगळ.
आज परत लाल. लॅबच्या भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर माझं नाव, पुढे 'उशीर'. नवीन सॉफ्टवेअर आल्यापासून कुठलं मशीन कधी, कुठली टेस्ट किती वाजता, सगळं तेच ठरवतं. काचेच्या नळ्या धुवून झाल्या की ट्रेच्या बारकोडच्या पट्टीवर स्कॅनरची गन धरायची. टुक वाजतं, हिरवं होतं. मग मशीनचा हात येतो, ट्रे उचलतो, औषधाचे नमुने भरतो. वीस वर्षं तळोज्यात नळ्या धुतेय. आता भिंत मला उशीर शिकवणार.
गुरव साहेब म्हणाले, आजी, नाव झळकतंय तुमचं. म्हटलं, तुमचं तर तेवढं पण नाही. जुने केमिस्ट. सॉफ्टवेअर नको, असं मीटिंगमध्ये ते एकटेच बोलले होते.

५ फेब्रु., गुरु.
लिहू की नको. लिहिते, वाचणार कोण.
दोन पाणी झाली होती. तिसरं, डिस्टिल्ड वॉटरचं, राहिलं होतं. लाल व्हायला पाच मिनिटं. आधीच टुक केलं. ट्रे निथळायला नेहमीच्या स्टँडवर ठेवला नि चहाला गेले. चहा गार होत होता, एवढंच कारण.
आधी चालायचं असं. साहेब नळी उजेडात धरायचे, विचारायचे, आजी, झाल्या का धुवून? मगच घ्यायचे.
परत आले तर ट्रे आत. नळ्या भरलेल्या. मशीनची काच बंद.
आई सारसोळ्याला मासळी विकायची. गिऱ्हाईक कल्ला उचलून बघायचं, मग भाव करायचं. हा हात बघत नाही. नुसता उचलतो.
तेव्हाच सांगायचं होतं. कप घेऊन उभी राहिले.

६ फेब्रु., शुक्र.
टेस्ट फेल. नमुन्यात साबण. औषधाचा सगळा माल अडकला. लॅबच्या मोठ्या मॅडमनी स्क्रीन बघितला: नळ्या धुतल्या, २.१०, माझं नाव, हिरवं. म्हणजे मी सुटले. राहिले नमुने तयार करणारे गुरव. त्यात सॉफ्टवेअरचा राग. मुद्दाम केलं म्हणतात.
साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "आजींना मध्ये घेऊ नका. त्यांचं काम मी बघितलंय."
मशीन माझ्यासाठी खोटं बोललं. माणूस बिचारा खरं समजून बोलला. मी फडक्याला हात पुसत होते. कोरडेच होते हात.

९ फेब्रु., सोम.
चौकशी होईपर्यंत साहेबांना घरी बसवलंय. नोकरी जाईल असं बोलतात. पन्नाशीच्या माणसाला कोण घेणार.
कंपनीच्या बसमध्ये त्यांची खिडकीची सीट. कोणी बसू नये म्हणून पिशवी ठेवली. लय उपकार केले.
सून म्हणाली, आई, जेवत का नाही? म्हटलं, तुझी भाजी. बरी होती खरं तर.

११ फेब्रु., बुध.
मॅडमना सांगितलं. उभ्या उभ्या. तिसरं पाणी राहिलं, आधीच टुक केलं, सगळं.
"आजी, त्यांना वाचवायला स्वतःवर घेऊ नका. सिस्टीममध्ये आहे सगळं."
मी पुढे बोलायचं होतं. बोलले नाही. दारापर्यंत आले तर बरं वाटत होतं. मोकळं. लाज कशी नाही मला.

१२ फेब्रु., गुरु.
सकाळी कागद लिहिला. चौथीचं अक्षर, पाच ओळी, खाली सही. तोंडचं खरं मानत नाहीत ना, मग घ्या.
दुपारी साहेब त्यांचा ॲप्रन न्यायला आले. मी सिंकपाशी. दोन पाणी झालेली, लाल व्हायला थोडंच राहिलेलं. सवयीनं त्यांच्या तोंडून गेलं,
"आजी, झाल्या का धुवून?"
"नाही. आज नाही, नि त्या दिवशी पण नव्हत्या."
 मी पिशवीतून कागद काढून दिला. म्हटलं, आधी तुमी वाचा, मग मॅडमकडे नेते. नाही न्यायचा म्हणालात तरी नेते.
साहेब चष्मा शोधत खिसे चाचपत राहिले.
भिंतीवर लाल झालं. माझं नाव. मी पाठ फिरवली नि तिसरं पाणी घेतलं. मागे कागद उलगडल्याचा आवाज आला.