नातजावई पर्सीकर

सनीव्हेल,
३ नोव्हेंबर २०२४

चि. हिमानीस अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझं निम्मं बोलणं मला ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र. होणाऱ्या बाळाला कॅलेबचं पर्सी आडनाव लावणार, असं तुझा बाबा सांगत होता. मला वाईट वाटलं, ते लपवत नाही. तू माझी एकुलती एक नात. तुझ्यानंतर घरात नेरूरकर कुणी उरणार नाही. आमचं नेरूर निदान आडनावात तरी टिकलं होतं. आणि पर्सी म्हणजे काय गं? मुंबईला ऑफिसात एक पर्सी होता, पण तो पारशी! कॅलेब मुलगा सोन्यासारखा आहे, त्याच्याविषयी तक्रार नाही.

पावसात गाडी चालवू नकोस.

तुझ्या काळजीत असलेला,
आजोबा

रेडमंड,
१२ नोव्हेंबर

ती. आजोबांना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी रडले, मग कॅलेबला वाचून दाखवलं. त्यालाही स्वतःच्या आडनावाचं काही माहीत नव्हतं. मग आम्ही वीकेंडभर बसून शोधलं. फ्रान्समध्ये नॉर्मंडीत पर्सी नावाचं गाव आहे. हजारेक वर्षांपूर्वी नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, तेव्हा तिथून गेलेल्यांना ‘द पर्सी’, म्हणजे पर्सीचे, म्हणू लागले. पुढे ‘द’ गळला, गाव तेवढं राहिलं. कॅलेबचे पूर्वज सरदार होते की सरदारांचे घोडे धुणारे, देव जाणे! मी म्हटलं, अरे, तू तर पर्सीकर! तेव्हापासून सगळ्यांना तेच सांगत सुटलाय.

पण आजोबा, तुम्हाला नको असेल तर आम्ही नेरूरकर लावू. हे तो स्वतःहून म्हणाला. तुम्ही बारशाला मन मारून आलेलं मला चालणार नाही.

उत्तराची वाट बघणारी,
तुमची हिमानी

सनीव्हेल,
२० नोव्हेंबर

चि. हिमानी आणि चि. कॅलेब यांस अनेक आशीर्वाद.

म्हणजे आमचा नातजावई गाववाला निघाला! हजार वर्षं झाली, दोन देश बदलले, भाषा बदलली, तरी या लोकांनी गावाचं नाव सोडलं नाही. ते आता मी कोणत्या तोंडानं सोडायला सांगू? पर्सीच लावा. नेरूरला जाल तेव्हा ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवा, आणि कधी पर्सीला गेलात तर तिथल्या चर्चमध्ये माझ्या नावानं एक मेणबत्ती लावा.

वाईट अजून वाटतंच, ते एका पत्रानं जाणार नाही. पण तू तान्ही होतीस तेव्हा मी तुला नुसतं ‘चिमणे’ म्हणायचो, हिमानीसुद्धा नाही. मांडीवरच्या बाळाला कुणी आडनावानं हाक मारत नाही. तेव्हा बाळ माझ्या मांडीवर द्यायला उशीर तेवढा करू नका.

तुम्हा तिघांवर माया करणारा,
आजोबा