साचेखात्यातले कान

६ फेब्रु. १९८४, सोमवार
इलेक्ट्रॉनिक्सच्या क्लासमध्ये कपॅसिटर फुटला. मीच उलटा बसवला. फट्, धूर, घाण वास. वहीत अधिक-उणे अगदी नीट काढलेले. शेजारचा बंड्या ओरडला, "लेका, वही झकास, बोर्डाची वाट लागली!" सर हसले नाहीत. "ह्याला दिशा असते रे. घाई कसली एवढी?" बाबा शिमग्याआधी आईला घेऊन गावी जाणार, कायमचे. त्याआधी डबी व्हायला हवी. माईक, अ‍ॅम्प., हेडफोन. बाबांच्या कानांसाठी.

९ फेब्रु., गुरुवार
बाबांची सगळी नोकरी गिरणीच्या साचेखात्यात. तिथे साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात कुणालाच बोलणे ऐकू येत नसे. ओठ बघायचे, हाताने खुणा करायच्या. घरीही तीच सवय. त्यामुळे कान कधी गेले ते कुणाला कळलेच नाही. आता गिरणी बंद.
आई हल्ली बाबांशी बोलत नाही. जेवा, पाणी, औषध, सगळे हातानेच. हळू बोलले तर ओठ पुरते हलत नाहीत. मोठ्याने बोलले तर चाळीला वाटते भांडण चाललेय. मी म्हटले, बोल की. तर म्हणाली, "मनातला काय आरडान सांगू?"

२१ फेब्रु., मंगळवार
डबी चालली! सरांनी ऑसिलोस्कोपवर दाखवले. आत छोटी लाट, बाहेर मोठी. विचारले, "म्हणजे ऐकू येईल ना, सर?" म्हणाले, "आत जे येईल ते मोठं होईल. खरखर आली तर खरखरही. निवड करणं त्याचं काम नाही." घरी येताना लोकलमध्ये घाटकोपर ते भांडुप डबी मांडीवर.

२६ फेब्रु., रविवार
बाबांना हेडफोन लावला. डोळे मिटायला सांगितले, म्हणजे ओठ बघता येणार नाहीत. आई हात धुऊन, पदर नीट करून समोर बसली. माईकमध्ये काहीतरी हळू बोलली. मी भिंतीकडे बघत होतो.
मग बाबा हेडफोन काढून म्हणाले, "साचे चालू झाले रे."
आई भात बघायला उठली.

१ मार्च, गुरुवार
सरांना सगळे सांगितले. म्हणाले, "कानाची नसच गेली असेल तर आवाज वाढवून काय उपयोग? डॉक्टरांना दाखव." दाखवून झाले आहे. ते हेच म्हणाले होते. मला वाटले होते अ‍ॅम्प.ने भागेल.
क्लासमध्ये आजपासून डिजिटल. शून्य आणि एक. बंड्या खूश. "सोपंय यार. हो, नाहीतर नाही. मधलं काही नाही."
खरखर कमी करायला डबीत फिल्टर घातला. कपॅसिटरची दिशा तीनदा बघितली.

८ मार्च, गुरुवार
आज बाबांनी आपणहून डबी लावली. आईला म्हणाले, "आता बरा ऐकाक येता."
आई बोलू लागली. हळू आवाजात. मावशीचे, गावच्या विहिरीचे, लग्नाआधीचे काय काय. मध्येच रडली, हसली. बाबा हुंकार देत होते, बरोबर जागी. नजर तिच्या तोंडावर. तीही आता सावकाश बोलते, एकेक शब्द सुटा. तिच्या लक्षात आले नसावे.
फिल्टरमुळे? का ओठांवरून?
तपासणे सोपे आहे. पाठीमागून एक हाक. हो, नाहीतर नाही.

१० मार्च, शनिवार
एस.टी.त बसवून दिले. बाबा खिडकीशी. डबी सदऱ्याच्या खिशात, वायर कानापर्यंत. मी मागच्या सीटपाशी उभा. 'बाबा' अगदी तोंडात आले होते. पण आई बोलत होती, आणि बाबा तिच्याकडे वळून मान हलवत होते.
हाक मारली नाही.
खाली उतरून खिडकीशी गेलो. म्हटले, "तसला सेल गावी मिळायचा नाही. संपला की कळवा, पाठवीन." बाबा माझ्या ओठांकडे बघत म्हणाले, "होय."
एक सेल फार तर पंधरवडाभर चालेल. कळवले तर पाठवीन. नाही कळवले तर समजेन, ते ओठच बघत होते.