मेडे म्हणजे मदतीले या

आई, तुले जयभीम. जहाजावर मी बरी आहो. भात रोज भेटते.

परवा रेडिओवर एका मच्छीमार बोटीचा आवाज आला, "मेडे, मेडे, मेडे!" जीव धोक्यात असला का तीनदा असं बोलतेत. हा शब्द इंग्रजीत फ्रेंच भाषेतून आला. अर्थ, "माझ्या मदतीले या." आमच्या कप्तानानं लगेच जहाज वळवलं. सगळे वाचले. त्यांच्यातला म्हातारा मले म्हणे, "हाक माराची आधी लाजच वाटली, पोरी."

श्रावणदादा सांगत होता, तू धानाच्या बांधीत चक्कर येऊन पडली अन् कोनालेच आवाज नाई देल्ला. काऊन वं आई?

शेजारच्या ठमाबाईले मी फोन केला. ती रोज सकाळी तुले पाहाले येईन. तिले चहा पाज, दारातून वापस नोको पाठवू.

तुह्यी पोरगी,
संघप्रिया