मोराची फाइल कुणी उघडली?

सोमवार, ३ मार्च
सकाळीच मेल. "तुमचं मोराचं डिझाइन चोरून चादरी विकतायत. फोटो सोबत." पाठवणारा कोण, पत्ता नाही. आणि फोटोच्या फायलीला शेवटी ईएक्सई? मी हात लावला नाही. मालकांना सांगितलं, हा फोटो न्हाय, व्हायरस असणार, उघडू नका.
"तुला काय कळतंय गं?"
अकरा वर्षं यांच्या चादरींची डिझाइनं कॉम्प्युटरवर मीच काढते. पण मला काय कळतंय!
मोर म्हटलं की मालक पेटतात. दिवाळीत एकानं आमचा मोर जसाच्या तसा विणून बाजारात आणला होता, तेव्हापासून. माझ्याच खुर्चीत बसले नि उघडली फाइल. फोटो-बिटो काही नाही. मी नेटची वायर उपटली, पण...

मंगळवार, ४
एकही फाइल उघडेना. सगळ्यांची नावंच बदललीत. स्क्रीनवर इंग्रजीत धमकी, पैसे भरा. कॉम्प्युटरवाला म्हणाला, भरू नका, भरूनही मिळतील याची खात्री नाही. मग विचारतो, "कॉपी कुठंय?"
कॉपी! डिझाइन बाहेर जाईल म्हणून दुसरी कॉपी ठेवायचीच नाही, हा मालकांचा नियम. पेनड्राइव्ह सापडतोय का म्हणून गेटवर माझी पर्स तपासतात. मी चोर असते तर आज डिझाइनं वाचली असती. मसणात गेला तो प्रामाणिकपणा.
मागांवर आधीच चढलेली तीन डिझाइनं तेवढी चालतायत. बाकी अकरा वर्षं गेली.

गुरुवार, ६
चहाच्या वेळी इरण्णामामा, मागांवर नक्षीची जकार्ड यंत्रं बसवणारे फिटर, हळूच म्हणाले, "पद्माक्का, तू मेल उघडलीस म्हनून मालक समद्यांना सांगायलेत."
डोळ्यांत पाणी आलं, रागानं. "मामा, मालकांनी उघडली तवा तुमी दारातच हुता की!"
"व्हय, बघितलं की. पन आमाला कोन इचारतंय?"
घरी आईवर उगाच ओरडले. वड्याचं तेल वांग्यावर.

शनिवार, ८
कहर! मालकांनी बाजारातून दिवाळीतली तीच चोरीची चादर विकत आणली. टाकली माझ्या टेबलावर. "हिच्यावरनं काढ परत मोर. आणि यापुढं जरा बघून काम कर."
बघून! मी!! माझाच मोर मी चोराच्या चादरीवरून काढू?
घडीसुद्धा मोडली नाही.

सोमवार, १०
चार वाजता मालक आले. "केलंस का सुरू?"
"न्हाय. आधी फाइल कुणी उघडली ते समद्यांसमोर सांगा."
"अगं, कुणी का उघडेना. काम महत्त्वाचं..."
"मग तुमी उघडली म्हना की."
आवाज लई चढला माझा. मामा दारात आले. मी म्हटलं, मामा, माग बंद करा, हितं कुणाला काय ऐकू येत न्हाय. वाटलं, नाही करणार. त्यांनी मालकांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि जाऊन मेन स्विच पाडला.
एवढी शांतता त्या शेडमध्ये मी कधी ऐकली नव्हती. सगळे आमच्याकडं बघत होते. मालकांनी गाडीची किल्ली उचलली नि गेले.
मामांनी विचारलं, "अक्का, चालू करू?"
"मालक बोलल्याबिगर न्हाय."
आत्ता सात वाजलेत. मामांचा फोन आला, अजून कुणी स्विचला हात लावलेला नाही.