चाळीस पलटणी

मंदारभावजी,

मी पैठणला नाथांच्या दर्शनाला जातेय. संध्याकाळच्या बसनं परत येईन.

तुमच्या फाशांच्या खेळातली मोठी लढाई कालपासून डायनिंग टेबलावर मांडलेली होती, ती मी उचलली. एकेका शिपायासाठी फासा टाकत बसलं तर आठवडा जाईल, म्हणून हजारांची एक पलटण धरायची आणि पलटणीला एकच फासा, असं तुम्ही मित्रांना समजावत होतात. स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. पलटणी कशाच्या केल्यात ते मात्र आज सकाळी देवघरात गेल्यावर कळलं.

माझ्या लाखोलीच्या तांदळाच्या चाळीस पुड्या होत्या. रोज चहाच्या आधी हजार दाणे मोजून देवाला वाहिलेले, असे चाळीस दिवस. तुम्ही म्हणालात, "आयते मोजलेले होते वहिनी, परत कोण मोजत बसणार?" मी बसते, भावजी. उद्यापासून पुन्हा पहिल्या दाण्यापासून बसणार आहे. तुमचे दादा हसून म्हणाले, नवे तांदूळ आणून देतो.

वेफरच्या हातांनी चिवडलेले तांदूळ देवाला चालत नाहीत, आणि अन्न टाकणं मला पटत नाही. म्हणून दोन्ही सैन्यं, तुमचं हळद लावलेलं धरून, कुकरमध्ये आहेत. तीन शिट्ट्या झाल्यात. कोण जिंकत होतं ते मी लिहून ठेवलेलं नाही.

चार वाजता मित्र आले की त्यांना गरम करून वाढा. वरण केलेलं नाही.

वहिनी