चुन्यात भिजवलेला मका

घोडपदेव, मुंबई
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

प्रिय अक्षदा वहिनी,

जयभीम. कागदोपत्री तू आता माझी वहिनी नाहीस, पण तोंडाला तेच वळण आहे, चालवून घे. आई बरी आहे, गुडघे सोडले तर. मी अजून परळला त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, त्याच मोडक्या खुर्चीत. तुझी तब्येत कशी आहे?

आता बातमी. वहिनी, मला टॉर्टिया यायला लागल्या! गव्हाच्या नाहीत, आणि हॉटेलात पापडासारख्या कडक मिळतात त्या तर नाहीतच. मका चुन्यात शिजवून, रात्रभर भिजवून, पाट्यावर वाटून केलेल्या. तव्यावर टम्म फुगतात! हे वाचून तू हसशील की पत्र फाडशील, मला सांगता येत नाही. पण ही गोष्ट दुसऱ्या कुणाला सांगून मजाच नाही.

नोव्हेंबरात घराला रंग काढला. माळा रिकामा करताना तुझं ते मेक्सिकन स्वयंपाकाचं जाड पुस्तक सापडलं. आईच्या जुन्या लुगड्यात नीट गुंडाळलेलं. कुणी गुंडाळलं ते मी विचारलं नाही. घरात बसायला जागा नव्हती, म्हणून बाहेर गॅलरीत स्टूल टाकून वाचायला लागले. बाई काय लिहिते गं! ती म्हणते, बाजारचं पीठ आणून टॉर्टिया केलीत तर पोट भरेल, पण मेक्सिको कळणार नाही. मला रागच आला. म्हटलं, बघूच आता.

पहिल्यांदा मक्याच्या पिठाच्या केल्या. थापता थापता नकाशासारख्या फाटल्या. मग अक्कल पाजळून स्वीट कॉर्न आणला, त्याची लापशी झाली. तेव्हा कुठे शहाणपण सुचलं आणि पुस्तकात लिहिलंय तसं करायचं ठरवलं. भायखळ्याहून पांढरा वाळका मका आणला. चुना घ्यायला आपल्या नाक्यावरच्या भिवाकडे गेले, तर म्हणतो, "ताई, पान कधीपासून सुरू केलंत?" मी म्हटलं, "मका शिजवायचाय." त्याने माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू! पण चुन्याने खरंच जादू होते. मक्याची सालं बोटांनी चोळली की सुटून येतात, आणि घरभर असा वास पसरतो की शेजारची बेबीमावशी दोनदा डोकावून गेली.

वाटायचं मात्र जमेना. मिक्सर पाणी मागतो, पाणी घातलं की पीठ सैल. पाटा काढला तर माझ्याने नुसती भरड. शेवटी आई पलंगावरून उतरली. "सर बाजूला. नमस्काराला बसल्यासारखी काय बसलीस? अंगाचा भार दे." गुडघे विसरून बाई पाऊण तास वाटत होती! दुधाची पिशवी कापली, तिच्यात गोळा ठेवून वर पोळपाट दाबला, तव्यावर टाकली. एकदा उलटली, दुसऱ्यांदा उलटून फडक्याने जरा दाबली, आणि फुगली! आई ओरडली, "गो बाय माझे, फुगली!" आम्ही दोघी ओट्यापाशी उभ्याउभ्याच सहा खाल्ल्या, भाजलेल्या टोमॅटोच्या चटणीबरोबर.

सातवी हातात घेऊन आई खाली बघत म्हणाली, "अक्षदाने पण असाच वाटायला घेतलेला." मी भांडी घासायला लागले.

ते राहू दे. मोलचं सांगते. मोल म्हणजे त्यांचा सणासुदीचा रस्सा. मी केला त्यात बावीस जिन्नस, एकेक वेगळा भाजायचा. तीळ, शेंगदाणे, बदाम, मनुका, दालचिनी, करपवलेली टॉर्टिया, आणि शेवटी चॉकलेट! त्यांच्या काळ्या सुरकुतलेल्या मिरच्या मी ऑनलाइन मागवल्या. पाकीट फोडलं तर मनुका आणि तंबाखू एकत्र ठेवल्यासारखा वास. दोन जाती मिळाल्या, तिसरी नाही. मग तेच पाकीट घेऊन लालबागला राधाबाईंच्या मिरचीच्या दुकानात गेले. त्यांनी मिरची हुंगली, मोडली, बी चावलं. "तिखटाची नाय ही. रंगाची पण नाय. वासाची आहे. ब्याडगी ने आणि जीव लावून मंद भाज." तशीच भाजली. तीन रविवार मोल केला. तिसऱ्या रविवारी तो चमच्याच्या पाठीवर चिकटून राहिला आणि मी एकटीच टाळ्या पिटल्या.

चौथ्यांदा केला तो २५ जानेवारीला, पाहुण्यांसाठी. दादासाठी स्थळ बघायला आले होते.

हे तुला कसं सांगावं म्हणून इतका वेळ मका वाटत बसले.

मुलीचं नाव सीमा. वरळीला सरकारी ऑफिसात आहे, माझ्याच वयाची. बाहेर तिची मावशी आणि दादा बोलत होते. ती ताटं घ्यायला आत आली, दार अर्धं लोटलं आणि हळूच म्हणाली, "ताई, एक विचारू? तुमची पहिली वहिनी का गेली? हे म्हणतात, तिला घर सांभाळायचं नव्हतं. तुम्ही तेव्हा इथेच होतात ना?"

मी मोल ढवळत होते. तो ढवळायचा थांबला की खाली लागतो. मी ढवळत राहिले आणि तोंडातून निघून गेलं, "होते. ह्याच दारात होते. तिने सकाळपासून मका वाटायला घेतला होता, जेवणाला उशीर झाला. दादाने तिला मारलं. पहिल्या फटक्याला ती भिंतीवर गेली. ती सावरून उभी राहिली, तेव्हा पुन्हा मारलं."

सीमाने माझ्या हातातून पळी घेतली आणि ढवळायला लागली, कारण माझा हात थांबला होता. मग बाहेर जाऊन सगळ्यांबरोबर व्यवस्थित जेवली, टॉर्टिया आणखी एक मागून घेतली. दुसऱ्या दिवशी तिच्या मावशीचा नकाराचा फोन आला. मावशीने कारणही सांगितलं.

दादा मला म्हणाला, "घरातच वैरीण पोसली." बॅग भरून पनवेलला कंपनीच्या खोलीवर गेला, अजून फोन नाही. आई चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी कामावरून आले, तर तिने मका निवडून, चुन्यात शिजवून झाकून ठेवला होता. "उद्या सुट्टी ना तुझी?" एवढंच म्हणाली.

वहिनी, अनोळखी बाईला मी एका मिनिटात सांगितलं. आणि तुझ्या वेळी?

बैठक आपल्याच खोलीत होती. तुझे पप्पा, आमचे मामा, बेबीमावशी, सगळे. तू म्हणालीस, "प्रितीला विचारा, तिने बघितलंय." सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणाले, "मी नळावर होते. मला माहीत नाही." तू माझ्याकडे बघत राहिलीस. रडलीही नाहीस. तुझे पप्पा चप्पल घालता घालता म्हणाले, "म्हणजे आमचीच पोरगी खोटारडी."

अण्णा गेल्यावर दादाने कॉलेज सोडून मला शिकवलं, हे घरात मी जन्मभर ऐकत आले. त्याच्याविरुद्ध बोलायला जीभ उचलली नाही. पण मला घाबरायचंच होतं तर गप्प बसता आलं असतं. मी गप्प बसले नाही, मी तुला खोटं पाडलं.

सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर तुझी मावशी भेटली. तिनेच हा नाशिकचा पत्ता दिला. म्हणाली, तुझी खानावळ जोरात चालते, दुपारी रांग लागते. ऐकून इतका आनंद झाला की मी तिथेच तिचे दोन्ही हात धरले. मग ती म्हणाली, पप्पा अजून तुझ्या घराची पायरी चढलेले नाहीत. अजून म्हणतात, नणंदेनेच सांगितलं ना, काही झालं नव्हतं म्हणून.

तेव्हापासून कागद काढायचा आणि ठेवून द्यायचा चाललंय. फोन केला असता तर ते आपल्या दोघींतच राहिलं असतं, आणि रडून मी मोकळी झाले असते. मला तू माफ करावंस असं काही नाही. उत्तर नाही दिलंस तरी चालेल. फक्त ह्याच्या खालचा भाग तुझ्या पप्पांना दाखव. त्यांना वाटलं तर मी नाशिकला येऊन तोंडावर सांगेन. मामांना आणि बेबीमावशीला मी ह्याच आठवड्यात सांगितलंय.

रविवार, १७ जानेवारी २०२१ रोजी दुपारी, घोडपदेव येथील आमच्या राहत्या घरी, माझा भाऊ दीपक याने त्याची पत्नी अक्षदा हिला माझ्या डोळ्यांसमोर दोन वेळा मारले. तिची काही चूक नव्हती. त्यानंतरच्या बैठकीत अक्षदा खरे बोलली. मी खोटे बोलले.

प्रिती बुधाजी तांबे